प्रश्नपत्रिका कोणाची?

शाळेंत काय शिकवावें, या प्रश्नाची चर्चा पुण्यांत गेलीं दीडशें वर्षें मोठ्या हिरीरीनें होत आली आहे. या प्रश्नावर व्याख्यानें झालीं, वर्तमानपत्रांतून वाद माजले, नव्या नव्या संस्था निघाल्या. परंतु शेवटच्या वर्षाची प्रश्नपत्रिका कोणी काढावी, या प्रश्नाकडे तितकें लक्ष क्वचितच गेलें. वस्तुतः पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा दुसऱ्यांतच दडलेलें असतें. अभ्यासक्रम कोणीहि लिहावा. विद्यार्थी रात्रीं दिव्यापुढें बसून उघडतो तें परीक्षेला लागणारें पुस्तक. आज इंग्लंडांतील मंडळाच्या परीक्षांसाठीं मुलें तयार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा पुण्यांत चालू आहेत आणि सुशिक्षित कुटुंबांतून त्यांच्याविषयीं बरीच चर्चा होते. ही गोष्ट नवी वाटते. पण या शहराला ती नवी नाहीं.

वुडच्या १८५४ च्या खलित्यानंतर, १८ जुलै १८५७ रोजीं मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. या विद्यापीठाजवळ प्रारंभीं ना वर्ग होते ना अध्यापक. होती ती परीक्षा. शिक्षक कोण, पद्धति कोणती, याची चौकशी तें फारशी करीत नसे. उमेदवार परीक्षेस बसला आणि उतरला म्हणजे झालें. पहिली प्रवेशपरीक्षा, जिला पुढें घरोघर ‘मॅट्रिक’ म्हणूं लागले, १८५९ सालीं झाली. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडींतले. पुढें जी व्यवस्था रूढ झाली तींत मराठी शाळेंतील कांहीं इयत्तांनंतर इंग्रजीच्या सात इयत्ता असत. सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. सातवीच्या गरजेवरून सहावी ठरे, सहावीच्या गरजेवरून पांचवी. अशा रीतीनें नुकतीच मुंज झालेल्या मुलाच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावयाचें, हेंहि मुंबईच्या परीक्षकांनीं नकळत ठरवून टाकलेलें असे.

याच सुमारास इंग्लंडांत दुसरी एक परीक्षा जन्मास आली. केंब्रिज विद्यापीठानें १८५८ च्या डिसेंबरांत ठिकठिकाणच्या शाळांतील मुलांसाठीं आपल्या स्थानिक परीक्षा सुरू केल्या. प्रश्नपत्रिकांची कुलूपबंद पेटी घेऊन परीक्षक आगगाडीनें परगांवीं जात. पांच वर्षांनीं ही परीक्षा समुद्र ओलांडून त्रिनिदाद बेटावर पोंचली आणि पुढें साम्राज्यभर पसरली. पुण्याच्या लष्करांत बिशप्स स्कूल १८६४ सालीं आणि सेंट मेरीज १८६६ सालीं निघाली. मुख्यतः युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठीं चालणाऱ्या अशा शाळांतून कालांतरानें केंब्रिजची परीक्षा रूढ झाली. शहरांतला मुलगा मुंबईकडे पाही, लष्करांतला केंब्रिजकडे. दोघांच्या शाळांत अंतर दोन-तीन मैलांचें. पण एकाच्या पुस्तकांची दुसऱ्याला ओळख नसे. साम्य एवढेंच कीं दोघांच्याहि प्रश्नपत्रिका पुण्याबाहेर निघत.

परीक्षेंत एक फेरफार झाला तर शेंकडों घरांत काय उलथापालथ होते, याचें उदाहरण याच काळांत सांपडतें. १८६० नंतरच्या दशकांत मुंबई विद्यापीठानें पदवीच्या परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषा काढून त्यांच्या जागीं संस्कृतादि अभिजात भाषा घातल्या. वरच्या वर्गांत संस्कृत लागणार म्हटल्यावर हुशार मुलगा शाळेंतच संस्कृत घेऊं लागला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचीं संस्कृत शिकविणारीं दोन पुस्तकें १८६४ व १८६८ सालीं निघालीं आणि पिढ्यान्‌पिढ्या वर्गांत चाललीं. मॅट्रिकला संस्कृतांत पहिला येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति हा पुण्याच्या घरांचा अभिमानविषय झाला. संस्कृताचा लाभ झाला हें निर्विवाद. पण मातृभाषेवर वेळ घालविणें हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला. मराठीला विद्यापीठांत पुन्हा स्थान मिळावें म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावें लागलें. त्याच विद्यापीठाच्या पहिल्या उत्तीर्णांपैकीं ते एक होते, हें येथें विसरतां येत नाहीं.

१८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना मिळाले. ‘निबंधमाले’तून मराठी भाषेचा कैवार घेणाऱ्या, सरकारी नोकरी सोडून आलेल्या शास्त्रीबोवांच्या शाळेचें नांव इंग्रजी असावें, याचें पुष्कळांस नवल वाटतें. नवल नांवाचें नव्हे. खरी अडचण निराळी होती. पैसा आपला, शिक्षक आपले, पगार कमी घेण्याची प्रतिज्ञाहि आपली. परंतु मुलांना मॅट्रिकला बसवावयाचें, म्हणजे पुस्तकें विद्यापीठाला पसंत असतील तींच. या तरुणांनीं ती अट पत्करली आणि शाळेनें शिष्यवृत्त्या पटकावून नांव कमावलें. १८८२ च्या शिक्षण-आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनींहि तिची वाखाणणी केली. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज हीं त्याच यशाचीं फळें. स्वदेशी शाळेनें परक्या मापानें आपली योग्यता सिद्ध करून दाखविली. परंतु माप परकेंच राहिलें.

तें माप सामान्य घरांतल्या मुलाला काय वाटत असेल, हें धोंडो केशव कर्वे यांच्या बाळपणावरून समजतें. १८७५ च्या सप्टेंबरांत, सतराव्या वर्षीं, मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेला बसण्यासाठीं ते सोबत्यांसह कोंकणांतील मुरुडाहून निघाले. पावसाळी हवेमुळें रत्नागिरीस समुद्रमार्गानें जाणें अशक्य. म्हणून कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैलांची पायपीट करून त्यांनीं सातारा गांठलें. परीक्षेस बसण्याला सतरा वर्षांची अट होती. समोर उभा असलेला किरकोळ अंगाचा मुलगा सतरा वर्षांचा असेल यावर परीक्षकांचा विश्वास बसला नाहीं आणि त्यांनीं त्याला बसूं दिलें नाहीं. ज्ञानाची परीक्षा झालीच नाहीं. उंबरठ्यावरूनच परत जावें लागलें. हेच कर्वे पुढें १८८१ सालीं मॅट्रिक झाले व फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले.

मुलींच्या शिक्षणाच्या बाबतींत हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. १८८४ सालीं हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. रानडे, भांडारकर प्रभृति सुधारकांचा तिला पाठिंबा होता. १८८७ सालीं टिळकांच्या पत्रांतून तिच्या अभ्यासक्रमावर कडक टीका झाली: शाळेची वेळ, इंग्रजीला दिलेलें महत्त्व आणि मुलांच्या धर्तीवर आंखलेले विषय गृहस्थाश्रमाला जुळत नाहींत, असा आक्षेप होता. उलट मुलामुलींना एकच शिक्षण, तेंहि एकत्र, द्यावें, असें आगरकरांचें मत. दोन्ही पक्ष अभ्यासक्रमावर भांडत होते. परंतु मॅट्रिकचें दार जोंवर एकच होतें, तोंवर त्या दारांतून जावें किंवा बाहेर रहावें, यापलीकडे मुलींना तिसरा मार्ग नव्हता.

तो तिसरा मार्ग कर्व्यांनीं काढला. जपानांतील महिला विद्यापीठाची माहितीपत्रिका त्यांच्या वाचनांत आली होती. १९१५ च्या सामाजिक परिषदेंत अध्यक्षपदावरून त्यांनीं आपली कल्पना मांडली आणि १९१६ सालीं पुण्याजवळ हिंगण्यास महिला विद्यापीठ सुरू झालें. शिक्षणाचें माध्यम मातृभाषा. इंग्रजी आवश्यक, पण एक विषय म्हणून. जोडीला आरोग्य व गृहशास्त्र. मुख्य म्हणजे प्रवेशपरीक्षा स्वतःची. अभ्यासक्रम खऱ्या अर्थानें आपला झाला तो येथें, कारण प्रश्नपत्रिका आपली झाली. पण त्याची किंमतहि लहान नव्हती. सरकारमान्यता नसलेल्या पदवीला नोकरीच्या बाजारांत भाव नव्हता, आणि कायद्यानें पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळावयास १९५१ साल उजाडावें लागलें. कर्व्यांना निदान तो दिवस पाहावयास मिळाला. विष्णु गोविंद विजापूरकरांचें तळेगांवचें समर्थ विद्यालय १९१० सालीं सरकारनें बंदच पाडलें.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कायद्यानें शालान्त परीक्षेसाठीं स्वतंत्र मंडळ झालें व १९४९ सालीं पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली, विद्यापीठाची मॅट्रिक इतिहासजमा झाली. १९६६ सालीं महाराष्ट्र राज्याचें मंडळ स्थापन झालें, त्याचें मुख्य कार्यालय पुण्यांत. जें गांव इतकीं वर्षें परक्याच्या प्रश्नपत्रिका सोडवीत होतें, तेथूनच आतां राज्यभर परीक्षेचीं सूत्रें हालूं लागलीं. मराठी माध्यमाला बरोबरीचा मान मिळाला. तथापि संभाव्य प्रश्नांचीं पुस्तकें, शिकवण्यांचे वर्ग व घोकंपट्टी कांहीं थांबलीं नाहींत. परीक्षा स्वकीय झाली म्हणून ती आपोआप चांगली होत नाहीं, हा धडाहि पुण्यानेंच शिकला.

केंब्रिजचें काय झालें? १९५२ सालीं मौलाना आझादांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या परिषदेंत केंब्रिजच्या परीक्षेऐवजीं अखिल भारतीय परीक्षा असावी, असा विचार पुढें आला व १९५८ सालीं दिल्लींत त्यासाठीं निराळें मंडळ स्थापन झालें. परंतु केंब्रिजनें १९८८ सालीं आंतरराष्ट्रीय माध्यमिक प्रमाणपत्राची नवी परीक्षा सुरू केली आणि तिच्या द्वारें तें पुण्यांत परत आलें. या वेळीं कोणी राज्यकर्त्यानें तें आणलें नाहीं. पालकांनीं शुल्क भरून बोलावून घेतलें. या परीक्षेचे गुण मान्य केले पाहिजेत. विषय निवडण्याची मोकळीक आहे. प्रत्येक विषयाची श्रेणी स्वतंत्र असल्यामुळें एका विषयांत घसरलेला मुलगा सगळ्या परीक्षेंत बुडत नाहीं. पाठ केलेल्या उत्तरापेक्षां पुराव्यावरून केलेल्या तर्काला मान आहे. देशोदेशींच्या विद्यापीठांचीं दारें तिच्यामुळें सुलभ होतात. पण इतिहासाच्या अभ्यासांत जो भर पडतो तो पहिल्या महायुद्धानंतरचे तह, राष्ट्रसंघ, शीतयुद्ध यांवर. शनिवारवाड्याजवळ राहणाऱ्या मुलाला व्हर्सायचा तह ठाऊक असणें चांगलेंच. वसईचा तह मात्र त्याच्या प्रश्नपत्रिकेंत यावयाचा नाहीं.

महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. हेतु योग्य आहे. परंतु कायद्यानें विषय वर्गांत आणतां येतो. मुलाच्या मनांत त्याचें वजन ठरतें तें निर्णायक परीक्षेवरून. १८६० नंतर मराठी वर्गाबाहेर कोणी हांकलली नव्हती; ती परीक्षेंतून गेली, आणि मागोमाग मनांतून गेली.

म्हणून मुलासाठीं शाळा पाहतांना इमारत, क्रीडांगण व शिक्षक यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे: दहा वर्षांनंतर या मुलाची परीक्षा कोण घेणार, आणि तो काय विचारणार नाहीं? जें विचारलें जाणार नाहीं, तें शाळा शिकवील अशी आशा करूं नये. तें शिकविण्याची जबाबदारी घरावर येते, आणि ती कोणत्याहि मंडळाकडे सोंपवितां येत नाहीं.