ऑगमेंटेड कॉर्ड : गिटारवादन व स्वररचनेतील उपयोग

मूळ स्वर, त्याच्यापासून चार अर्धस्वर वरचा स्वर आणि त्याहून आणखी चार अर्धस्वर वरचा स्वर, अशा तीन स्वरांच्या एकत्र वाजणाऱ्या समूहास ऑगमेंटेड किंवा वर्धित कॉर्ड म्हणतात. मेजर कॉर्डमधील पंचम अर्ध्या स्वराने चढवला की ती तयार होते. पांढरी एक हा सा धरल्यास तिचे स्वर सा, शुद्ध ग व कोमल ध असे येतात आणि हार्मोनियमवर पांढरी एक, पांढरी तीन व काळी चार या पट्ट्या एकत्र दाबून ती ऐकता येते. हार्मोनियमवरून गिटारकडे वळणाऱ्यास ही कॉर्ड समजून घेण्याचा हाच सर्वांत जवळचा मार्ग ठरावा.

गिटारवर पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट, चौथीचा दुसरा, तिसरी व दुसरी या दोन्हींचा पहिला आणि पहिली तार मोकळी, अशी तिची सोपी मांडणी आहे. तिन्ही स्वरांमधील अंतरे सारखीच असल्यामुळे मोकळी तार नसलेली कोणतीही मांडणी चार फ्रेट वर सरकवली, तरी स्वर तेच राहतात, फक्त त्यांचा क्रम बदलतो. म्हणून बारा मूळ स्वरांवर बारा नावे देता आली, तरी प्रत्यक्षात निराळ्या ऑगमेंटेड कॉर्ड चारच आहेत.

या समानतेमुळे तिन्ही स्वरांपैकी मूळ कोणता हे कान ठरवू शकत नाही आणि तिचा सारा उपयोग या अनिश्चिततेतूनच निघतो. तिच्यातील कोणताही एक स्वर अर्ध्या स्वराने उतरवला की मेजर आणि चढवला की मायनर कॉर्ड मिळते, म्हणजे एकाच ठिकाणाहून सहा वाटा फुटतात. सर्वांत रुळलेला प्रयोग म्हणजे सा व ग स्थिर ठेवून तिसऱ्या आवाजाने प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल नि असे चढत जाणे. यात ऑगमेंटेड कॉर्ड दुसऱ्या पायरीवर क्षणभर येते आणि पुढच्या स्वराची ओढ लावते. दुसऱ्या प्रयोगात पंचमावरची ऑगमेंटेड कॉर्ड, म्हणजे प, नि व कोमल ग, घेऊन षड्जावरच्या मेजर कॉर्डवर उतरतात आणि तेव्हा कोमल ग शुद्ध ग मध्ये मिसळतो. संगीतकार लिस्टच्या ‘फाउस्ट सिंफनी’चा प्रारंभ चार ऑगमेंटेड कॉर्डच्या स्वरांतून घडला आहे, तर बीटल्सच्या १९६९ मधील ‘ओह! डार्लिंग’ची सुरुवातच अशा कॉर्डने होते.

रागांच्या स्वरसमूहातही ही कॉर्ड सापडते. भैरव आणि चारुकेशी या दोहोंत सा, ग व कोमल ध आहेत, तर किरवाणीत कोमल ग, प व नि. यांपैकी चारुकेशी व किरवाणी हे कर्नाटक पद्धतीतून हिंदुस्थानी संगीतात आले, तेथील मेळकर्त्यांच्या, म्हणजे मूळ रागांच्या, क्रमात ते अनुक्रमे २६ वे व २१ वे आहेत. मात्र स्वर सापडले म्हणून कॉर्ड रागाला साजेलच असे नाही. तंबोरा षड्ज क्षणभरही ढळू देत नाही आणि ऑगमेंटेड कॉर्डचे कामच मुळी षड्जाविषयी संशय उत्पन्न करणे हे असते. शिवाय तंबोऱ्यातील पंचम तिच्या कोमल धैवताशी अर्ध्या स्वराने घासतो.

मुळात कंठातील गंधार आणि फ्रेटवरचा गंधार एक नव्हेत. स्वयंभू, म्हणजे तंबोऱ्यात आपोआप उमटणारा, गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उंच असतो, फ्रेटवरचा ४००. स्वयंभू गंधाराचे अंतर तीनदा रचले, तरी तार षड्ज सुमारे ४१ सेंटनी कमी पडतो, म्हणजे सर्व अंतरे सारखी असलेली ही कॉर्ड समविभाजित सप्तकाबाहेर अस्तित्वातच येत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्यामागील आक्षेपांत बांधलेल्या स्वरांचाही आक्षेप होता. गिटारच्या फ्रेटलाही तो तेवढाच लागू पडतो.

म्हणून रागाधारित भावगीतात तिची जागा गायकाच्या आलापाखाली नसून दोन ओळींमधल्या वाद्यखंडात, तंबोरा थांबलेला असताना असते. तेथेही ती एखाद-दोन मात्रांपुरती घ्यावी आणि तिन्ही स्वर एकदम छेडण्याऐवजी एकामागून एक सोडावेत. फार वेळ धरली, तर पुढची चाल कोणत्या षड्जावर उभी आहे याचा अंदाज गायकालाही लागत नाही.