शुष्कत्वचा (लक्ष्यित कर्करोग-औषधजन्य)
कर्करोगावरील लक्ष्यित औषधांमुळे त्वचा कोरडी, खरखरीत व खवलेदार होण्याचा दुष्परिणाम. बाह्यत्वचा-वृद्धिघटकाच्या ग्राहीला (ईजीएफआर) रोखणाऱ्या औषधांमुळे तो विशेष आढळतो. फुप्फुसाच्या कर्करोगावरील जेफिटिनिब, एर्लोटिनिब व ओसिमर्टिनिब आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील सेटुक्सिमॅब ही त्यांपैकी प्रमुख होत.

कारण : ईजीएफआर ही ग्राही कर्करोगपेशींप्रमाणेच निरोगी बाह्यत्वचेच्या तळथरात, केशपुटकांत व तैलग्रंथींतही असते. ती रोखली गेल्याने पेशींची वाढ व परिपक्वता बिघडते, त्वचेचा संरक्षक थर कमकुवत होतो आणि ओलावा टिकत नाही.

लक्षणे : पहिल्या काही आठवड्यांत मुरमांसारखे पुरळ येते, कोरडेपणा सहसा त्यानंतर वाढतो. हातपाय व धड यांना खाज सुटते. बोटांच्या टोकांना व टाचांना वेदनादायक भेगा पडतात. त्यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. भेगांमुळे गुंडी लावण्यासारखी साधी कामेही कठीण होतात.

उपाय : कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, सौम्य व सुगंधविरहित क्लेन्झर आणि अंग ओलसर असतानाच जाड मलम लावणे हितकारक असते. जाड त्वचेवर युरियायुक्त मलम, तर भेगांवर पेट्रोलियम जेली वापरतात. दाह असल्यास वैद्यकीय सल्ल्याने स्टेरॉइड मलम देतात. त्रास तीव्र झाल्यास डॉक्टर कर्करोगावरील औषधाची मात्रा कमी करतात किंवा ते औषध काही काळ थांबवतात. रुग्णाने ते परस्पर बंद करू नये. त्रास लवकर सांगितल्यास उपचार अखंड चालू ठेवणे सोपे जाते.