शिंपल्यातल्या चुन्याचं कूळ

चिंचणी-तारापूरचा खडक काळा, लाव्हा थिजून झालेला. चुनखडीचे डोंगर या पट्टीत नाहीत, म्हणून कोकणातल्या जुन्या बांधकामांना चुना पुरवला तो समुद्राने. किनाऱ्यावरचे शिंपले गोळा करायचे, भट्टीत कोळसा आणि शिंपले यांचे थर एकावर एक रचायचे आणि भट्टी पेटवायची. सुमारे ९०० अंशांवर शिंपल्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शंभर किलो शुद्ध मालातून ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो तापतो, फुलतो, फुटतो. मग चुन्याच्या घाण्यात वाळूबरोबर मळून तो भिंतीत घालायचा. तिथे तो हवेतला तोच वायू वर्षानुवर्षं परत शोषत राहतो आणि पुन्हा शिंपल्याच्याच द्रव्याचा दगड होतो. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी जिंकलेल्या तारापूरच्या किल्ल्यासारखी बांधकामं या गुणावर उभी राहिली.

एवढा जुना हा चुना, पण त्याच्या पोटात धातू आहे याचा पत्ता कोणालाच नव्हता! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने १७८९ मध्ये चुन्यालाच मूलद्रव्यांच्या यादीत बसवलं होतं. १८०८ मध्ये लंडनला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने ओलसर चुना आणि पाऱ्याचं ऑक्साइड यांच्या मिश्रणातून वीज सोडली, पाऱ्यात उतरलेल्या धातूपासून पारा उडवून लावला आणि कॅल्शिअम मिळवलं. मॅग्नेशिअम, स्ट्रॉन्शिअम आणि बेरिअमही त्याने त्याच वर्षी वेगळे केले. ही सगळी एका कुळातली भावंडं. प्रत्येकाच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन, आणि ते देऊन टाकण्याची ओढ थोरल्यांकडे जास्त. थंड पाण्यात मॅग्नेशिअम जवळपास स्वस्थ राहतं, कॅल्शिअममधून बुडबुडे येतात, बेरिअम तर जोरात पेट घेतल्यासारखं पाण्याशी झटतं.

स्वभाव इतके सारखे, की शिंपला घडवताना प्राणी समुद्रातल्या कॅल्शिअमबरोबर थोडं स्ट्रॉन्शिअमही उचलतो. आपली हाडंही तेच करतात. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, आणि युरेनिअमचा अणू फुटला की उरणाऱ्या तुकड्यांत स्ट्रॉन्शिअम-९० हे किरणोत्सारी स्ट्रॉन्शिअम असतं. शरीरात शिरलं तर ते कॅल्शिअमच्या जागी हाडात जाऊन बसतं. ते निम्मं व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात, हजारावा भाग उरायला जवळपास तीनशे. म्हणून वापरलेल्या इंधनावरच्या प्रक्रियेतून निघणारा तीव्र किरणोत्सारी कचरा तारापूरला बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. स्ट्रॉन्शिअम काचेच्याच रचनेत गुंतून राहतं, पाण्यात सहजी उतरत नाही.