कुलाबा

रायगड जिल्ह्यातील अलिबागसमोरचा जलदुर्ग आणि आंग्रे घराण्याची राजधानी. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाचा कुलाबा तो वेगळा. किल्ला किनाऱ्यापासून सुमारे दीड ते दोन किमी. आत, खडकावर आहे. ओहोटीला पायी जाता येते, भरतीला होडी लागते. दक्षिणोत्तर लांबी सुमारे २७५ मी., रुंदी तिच्या निम्म्याहून कमी. १७ बुरूज. महाद्वार ईशान्येस, अलिबागच्या दिशेला. उत्तरेस सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला.

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, अखेरच्या दिवसांत, हा किल्ला बांधायला घेतला. संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. तटाचे अजस्र चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी त्यांच्या फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. सव्वातीनशेहून अधिक वर्षे हा तट समुद्राचा मार खात उभा आहे. कोकणातल्या बांधकामकौशल्याचा याहून चांगला दाखला क्वचितच सापडेल.

*आंग्रे घराण्याचा अंमल.* कान्होजी आंग्रे यांना राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ‘सरखेल’ हा किताब मिळाला आणि मराठी आरमार त्यांच्या हाती आले. १७१३ पर्यंत ते शाहू महाराजांविरुद्ध ताराबाईंच्या पक्षात होते. शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैदही केले होते. पुढे शाहूंच्या वतीने बाळाजी विश्वनाथांनी समेट घडवला. त्यात कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले, पेशव्यांना सोडले आणि बदल्यात १० मोठे किल्ले, १६ लहान ठाणी, भोवतालचा मुलूख व सरखेली कायम करून घेतली. घराण्याचा अधिकार यापुढे या सनदेवर उभा राहिला. मुलूख छत्रपतींच्या नावाने, कारभार मात्र सर्वस्वी आंग्र्यांचा.

या कारभाराचा कणा म्हणजे दस्तक. कोकणपट्टीच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्र्यांना रक्कम भरून परवाना घ्यायचा; नसेल तर जहाज मालासकट धरून बंदरात आणायचे आणि माणसे खंडणी मिळेपर्यंत अडकवून ठेवायची. इंग्रज कंपनीच्या कागदपत्रांत आंग्र्यांना सरसकट चाचे म्हटले आहे ते यामुळे. मुंबईच्या व्यापाऱ्यांचे नुकसान खरे होते, कैदेत पडलेल्यांचे हालही खरे होते. परंतु पोर्तुगीज याच समुद्रात दोन शतके ‘कार्ताझ’ नावाचे परवाने विकत होते, आणि कंपनीही आपले परवाने देशी व्यापाऱ्यांना देऊन त्यांचा माल आपल्या निशाणाखाली नेऊ पाहत होती. भांडण नेमके इथे होते. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना हात लावणार नाही, हे कान्होजींनी १७१३ च्या तहात कबूल केले होते. कंपनीचा कागद दाखवणाऱ्या प्रत्येक गलबताला ती सूट द्यायला ते तयार नव्हते. या समुद्रावर कर कोणी घ्यावा, हा राज्यसत्तेचा प्रश्न होता. त्याला चाचेगिरी हे एकच नाव देऊन भागत नाही. प्रस्तुत नोंदीत तो शब्द इंग्रजांचा म्हणूनच घेतला आहे.

इंग्रजांशी झालेल्या या तहाआधी, १७१२ च्या नोव्हेंबरात, आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर एझ्लाबी याची सशस्त्र नौका पकडली होती. तीवरील एका इंग्रज स्त्रीच्या सुटकेसाठी ३०,००० रुपये खंडणी द्यावी लागली. इंग्रज लेखकांनी हा प्रसंग रंगवून सांगितला आहे.

आरमारात गुराबा व गलबते असे दोन मुख्य प्रकार होते. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, जड तोफांची. गलबत हलके, ४०-५० वल्ह्यांचे. वारा पडला की गलबतांनी गुराबा ओढून शत्रूच्या पिछाडीला आणायच्या, ही त्यांची लढाईची रीत. खलाशी प्रामुख्याने कोळी, भंडारी, खारवी. तोफांवर काही युरोपीयही असत. मुंबई बंदराच्या तोंडावरील खांदेरीमुळे इंग्रजांच्या जहाजांवर कायम नजर राही. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर, १७२० मध्ये विजयदुर्गावर आणि १७२१ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांसह खुद्द कुलाब्यावर स्वारी केली. तिन्ही फसल्या.

*वारसाचा प्रश्न.* कान्होजी १७२९ मध्ये वारले. आरमार, दस्तक, तोफा यांची घडी त्यांनी पक्की बसवली होती. आपल्यामागे ती कोणाच्या हाती जावी, याची बसवली नव्हती. थोरले पुत्र सेखोजी कुलाब्यास, त्यांचे भाऊ संभाजी सुवर्णदुर्गास राहू लागले. सेखोजी १७३३ मध्ये निवर्तले आणि भाऊ एकमेकांवर उठले. आणखी एक भाऊ मानाजी यांनी पोर्तुगीजांच्या मदतीने कुलाबा घेतला. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे घराण्याचे गुरू. त्यांच्याकडे गेलेल्या पत्रांतून या कलहाची आणि घरातील स्त्रियांच्या तळमळीची माहिती मिळते. १७३५ मध्ये पेशवे बाजीरावांनी वाटणी करून दिली : संभाजींना सरखेली व दक्षिणेकडील किल्ले, मानाजींना ‘वजारतमाब’ हा किताब व कुलाबा. राजमाची व कोथळीगड या वेळी पेशव्यांकडे गेले. १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून आले, तेव्हा मानाजींच्या मदतीला पेशव्यांची फौज आली आणि इंग्रजही. ज्यांच्या तीन स्वाऱ्या कान्होजींच्या आरमाराने परतवल्या, त्या इंग्रजांना आता घरानेच आत घेतले. संभाजींच्या मागे दक्षिणेकडील किल्ले त्यांचे भाऊ तुळाजी यांच्याकडे होते. १७५५ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी मिळून तुळाजींचा सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापुढे तुळाजींचे आरमार जळाले. मराठ्यांचा सर्वांत मोठा सागरी ताफा मराठी राज्याच्याच संमतीने नष्ट झाला, ही या इतिहासातील सर्वांत मोठी हानी होय.

कुलाब्याची शाखा त्यानंतरही टिकली. पहिले राघोजी (१७५९–९३) यांच्या काळात मुलुखाला स्थैर्य आले. त्यांच्यानंतर वीस वर्षे पुन्हा गृहकलह. शिंद्यांच्या पाठबळाने बाबूराव आंग्रे यांनी कुलाबा बळकावला, तेव्हा जयसिंग आंग्रे यांच्या पत्नी आनंदीबाईंनी शस्त्र हाती घेतले. त्यांची नोंद बखरकारांनी जितकी घ्यायला हवी तितकी घेतलेली नाही. १८२२ च्या तहाने संस्थान इंग्रजांच्या अंकित झाले. दुसरे राघोजी १८३८ मध्ये वारले, त्यांच्यामागे जन्मलेला मुलगाही १८३९ मध्ये गेला. राणीची दत्तकाची विनंती नाकारून कंपनीने १८४० मध्ये संस्थान खालसा केले.

*अवशेष.* राघोजींनी १७५९ मध्ये बांधलेले गणेशपंचायतन मंदिर आजही पूजेत आहे. पद्मावतीचे देऊळ, हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गा, गोड्या पाण्याची विहीर व पुष्करणी प्रेक्षणीय. आंग्रेवाडा १७८७ मध्ये आगीत गेला. १८४२ मध्ये इंग्रजांनी किल्ल्यातील लाकूडसामान लिलावात विकले आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लावले. सर्जेकोटाकडील बाजूस यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या दोन तोफा गाड्यांवर आहेत. त्या आंग्रेकालीन नव्हेत. किनाऱ्यावर हिराकोट (१७२०) व कान्होजींची समाधी आहे. किल्ला केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक आहे.

*अलिबाग.* जिल्ह्याचे मुख्यालय. लोकसंख्या सुमारे २०,७०० (२०११). मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तेथील चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये येथे हलवण्यात आली. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. भात, नारळ, सुपारी व पांढरा कांदा यांची शेती आणि मासेमारी हे मुख्य व्यवसाय. थळ येथे खतांचा कारखाना. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्यापर्यंत २०२० पासून वाहने नेणारी रो-रो बोट चालते.