कान-नाक-घसा शल्यचिकित्सकांचा साथकाळातील संसर्गधोका

श्वसनमार्गाच्या साथीत रुग्णाच्या नाका-तोंडाशी थेट काम केल्याने या शल्यचिकित्सकांना होणारा व्यवसायजन्य धोका. कोविड-१९ चा विषाणू नाक व नासाग्रसनीत लक्षणे दिसण्याआधीच विपुल असतो. त्यामुळे साधी दुर्बीण तपासणीही जोखमीची ठरते, कारण रुग्ण त्याच वेळी शिंकतो किंवा खोकतो. श्वासनलिकाछेदात श्वासमार्ग थेट उघडला जातो, तर कानामागचे मास्टॉइड हाड ड्रिलने कोरताना सूक्ष्म तुषार उडतात. २०२० मध्ये शवविच्छेदनांत मध्यकर्णातही विषाणू आढळल्याने कानाची शस्त्रक्रियाही निर्धोक मानता येईना. वुहानमधील कान-नाक-घसा तज्ज्ञ लियांग वुडोंग जानेवारी २०२० मध्येच कोविडने दगावले.

विदर्भात या शल्यचिकित्सकांची कसोटी २०२१ च्या दुसऱ्या लाटेत लागली. तिथे म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण वाढले आणि मे महिन्यात केंद्राने या आजाराची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. ही बुरशी माणसाकडून माणसाला लागत नाही. पण रुग्ण नुकतेच कोविडमधून उठलेले किंवा अजून बाधित असत, आणि सायनसमधील सडलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया लांबवली तर डोळा किंवा जीव जाण्याची भीती असे. थांबण्याची मुभाच नसलेल्या या शल्यचिकित्सकांच्या धैर्याची नोंद पुरेशी झालेली नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी चाचणी, एन-९५ मुखपट्टी, पीपीई किट, चेहऱ्यावरील ढाल, खेळती हवा, कमीत कमी माणसे आणि लसीकरण हे संरक्षणाचे मुख्य उपाय होत.