डोंगराचा नवा नकाशा

इ. स. १८०२ मध्यें विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ आधाररेषा मोजली. तेव्हांपासून पुढें दीर्घकाळ नकाशा हें सरकारी दप्तराचें धन होऊन बसलें. १९७२ सालीं अमेरिकेचा पहिला लँडसॅट आकाशांत गेला. परंतु त्या मालेचीं सारीं चित्रें सर्वांस विनामूल्य मिळूं लागलीं तीं २००८ नंतर. आज युरोपच्या सेंटिनेल-२ चीं दहा मीटरांपर्यंतचा तपशील दाखविणारीं चित्रें क्यूजीआयएस या फुकट आज्ञावलीनें गांवच्या नकाशावर बसवितां येतात.

महाड-पोलादपूरकरांस हें केवळ कौतुक नव्हे. २००५ च्या जुलैंत दासगांव व जुई दरडींखालीं सांपडलीं. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये येथें ८० हून अधिक माणसें गेलीं. पोलादपुरांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंही बळी पडले. चित्र पाहून दरड थांबत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु कोणत्या उतारावरील रान विरळ झालें, कोठें जुना घसारा आहे, देवराई किती उरली, हें वर्षावर्षांचीं चित्रें शेजारीं ठेवून शाळामास्तरासही सांगतां येईल.

ऐन पावसाळ्यांत मात्र ढग आड येतात, आणि एकटें झाड दहा मीटरांत हरवतें. तेथें पायपीटच हवी. रान आकाशांतून दिसतें. राखावें लागतें तें गांवांतून.