कापसाची वाट आणि माणसांची

शकुंतला रेल्वेविषयी लिहिताना आपण बहुधा हळवे होतो. हळवेपणा बाजूला ठेवून नकाशा पाहिला, तर तिचे खरे प्रयोजन दिसते. किलिक-निक्सन कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. तिचा अडीच फुटी मार्ग यवतमाळहून दारव्हा, कारंजा लाड करीत मूर्तिजापूरला मुख्य मार्गास मिळाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावणे, हा त्यामागचा हेतू. रुळांची रुंदी निराळी, म्हणून गाठी मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा भराव्या लागत.

माणसांचे येणेजाणे मात्र या एकाच दिशेत मावणारे नव्हते. अकोला जिल्ह्याचे ठिकाण होते, तोवर ती दिशा कारंजेकरांच्या सोयीची होती. १९९८ साली वाशिम जिल्हा झाला आणि कचेरीची वाट बदलली. रेल्वेने वाशिम म्हणजे मूर्तिजापूर, अकोला असा वळसा, एस.टी. मंगरूळपीरवरून सरळ जाते.

आज या रुळांवर गाडी नाही. ब्रॉडगेजची मागणी रास्तच आहे. पण जुनी रेघ नुसती रुंद केल्याने जाळे विणले जात नाही. स्थानकाच्या दाराशी मंगरूळपीरची एस.टी. गाडीच्या वेळेला उभी असेल, तरच कापसासाठी आखलेली वाट माणसांची होईल.